पहाटेच्या त्या स्वप्नाविषयी

सुपा, ता. पारनेर

चि. दत्तास,


सुरेखाचा फोन आला होता. तू पहाटे ओरडत उठतोस, मग अंगणात जाऊन बसतोस आणि हल्ली अंथरुणाला पाठ टेकायचंच टाळतोस, असं म्हणाली. मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. लेकरं दचकून उठतात, तिने कुणाजवळ बोलायचं?

स्वप्न तेच ना? माळवद खाली येतंय, दार सापडत नाही, आईची हाक ऐकू येते. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून किल्लारी आणि आसपासची गावं नुकती कुठे झोपली होती. मी इथं सासरी; मला रेडिओवर कळलं. तू त्या मातीखालून निघालास. जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं, त्यांनी आईला नेलं. तुझ्या हातून काही राहिलं नाही. दिवसा तुला हे कळतं, झोपेत कळत नाही. आणि आता थोरला बरोबर तेव्हाच्या तुझ्या वयाचा झाला आहे. इतकी वर्षं मागे पडलेलं पुन्हा वर यायला मला तरी एवढं कारण पुरेसं वाटतं.

कुणी उतारा करायला सांगितलंय म्हणे. करू नकोस. ठरावीक वेळेलाच जाग येते म्हणून तुम्हाला संशय येतो, पण त्याचं कारण झोपेच्या घडणीत आहे. ज्या झोपेत डोळे पापण्यांआड भराभर हलतात, त्या झोपेत स्वप्नं जास्त आणि ठळक पडतात. १९५३ साली शिकागोच्या संशोधकांनी ती नोंदवली. रात्रीच्या पहिल्या प्रहरात ती थोडी असते, पहाटेकडे लांबत जाते. म्हणून भीतीची स्वप्नं बहुधा पहाटेच गाठतात.

आणि झोप लागावी म्हणून घेतोस ती दारू बंद कर. तिने डोळा लवकर लागतो खरा, पण पूर्वरात्री दाबलेली स्वप्नं उत्तररात्री जोराने येतात. इथल्या एमआयडीसीतली रातपाळीची पोरं आमच्या दवाखान्यात यायची तेव्हा त्यांनाही मी हेच सांगत असे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही अशी स्वप्नं पडतात. तुझी गोळी मनाने सोडू नकोस, डॉक्टरांना नाव दाखवून विचार. घोरताना तुझा श्वास अडकतो का, तेही सुरेखाला विचार. तसं असेल तर त्याची वेगळी तपासणी लागते.

आता मुख्य गोष्ट. दत्ता, या स्वप्नावर रात्री काही चालत नाही, दिवसा चालतं. पुन्हा पुन्हा पडून त्याची पायवाट झाली आहे. जागेपणी शेजारून दुसरी पाडायची. भर उजेडात, पोट भरलेलं असताना वही घेऊन बस. स्वप्न लिही आणि मग ते बदल, तुला हवं तसं. कसं बदलायचं ते मी सांगणार नाही, कुणीच सांगू नये. आईला परत आणलंच पाहिजे असं नाही. कंदील घेऊन चुलते येतात, कुदळी वाजतात, दार दिसतं, इतकं पुरे. तेही नको असेल तर स्वप्न पार दुसरीकडेच ने. मग हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आण. जुनं घोकायचं नाही.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत बॅरी क्राकाव या डॉक्टरांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांबरोबर हे तपासलं. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांची दुःस्वप्नं कमी झाली, झोपही सुधारली. मात्र भूकंपाचं स्वप्न पहिल्याच दिवशी हातात घेऊ नकोस. एसटी चुकते, विहिरीत पाय घसरतो, असलं एखादं हलकं स्वप्न आधी घे, हात बसू दे. लिहिताना छाती धडधडली, सगळं पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागलं, तर वही मीट आणि पुढचं डॉक्टरांसमोर कर. प्राझोसिन नावाची गोळी यासाठी देतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही, तरी काहींना गुण येतो. ती द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

जाग आल्यावर घड्याळ बघू नकोस. दिवा लाव, पाय जमिनीला टेकव, लेकरांची नावं मोठ्याने घे. रात्री कितीही जागरण झालं तरी सकाळी ठरल्या वेळेला ऊठ. मरून जावं असं कधी मनात आलं, तर त्याच घडीला सुरेखाला उठव आणि १४४१६ लाव. टेली-मानसचा नंबर आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

लातूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ सुरेखा घेते आहे. तुझ्याबरोबर मीही येईन, सोमवारी निघते. पहिल्या भेटीत सगळं सांगायची सक्ती नाही. अंदाजाने कधी जाग येते, आठवड्यातून किती रात्री आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं कागदावर लिहून ठेव.

तुझी,
अक्का