ओला दुष्काळ, कोरडा दुष्काळ

आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "पाऊस हाय का तिकडं?" मी हो म्हणते. "आन् म्हसवडला?" असं मी विचारलं की ती म्हणते, "ढगं येत्यात आन् जात्यात." माणदेशात खुशाली अशीच विचारतात, आधी पावसाची, मग पोराबाळांची. आठ वर्षांपूर्वी मी नर्स म्हणून आयर्लंडमधल्या स्किबरीन या गावी आले, तेव्हा इथली माणसंही बोलणं आभाळापासूनच सुरू करतात हे पाहून मला धीर आला होता. बारीक भुरभुर चालू असली की दुकानदार म्हणतो, "सॉफ्ट डे". मऊ दिवस. पावसाला मऊ म्हणणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

स्किबरीन हे देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्क परगण्यातलं तीनेक हजार वस्तीचं गाव. आयरिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थ छोट्या होड्यांचं बंदर. मधून आयलेन नदी वाहते. रंगीत दर्शनी भिंतींची दुकानं, चौकात 1904 साली उभारलेला 'मेड ऑफ एरिन' हा स्त्रीचा पुतळा, शनिवारी भरणारा बाजार. रेल्वे 1961 साली बंद झाली, ती पुन्हा आली नाही. कॉर्क शहर ऐंशी किलोमीटरवर, त्यामुळे मोठं इस्पितळ, विमानतळ, हिंगाची डबी आणि ज्वारीचं पीठ, सगळ्यासाठी तितकं अंतर कापायचं.

पहिला हिवाळा कठीण गेला. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा. ड्यूटीला जाताना अंधार, परतताना अंधार. घर भाड्यानं मिळेना. समुद्राकाठी सुट्टीपुरती उघडणारी कितीतरी घरं कुलूपबंद दिसायची, पण वर्षभर राहायला द्यायला कुणी तयार नसायचं. अडीच महिने मी एका मल्याळी सहकारी नर्सच्या घरी, तिच्या मुलींच्या खोलीत झोपले. शेवटी घर मिळालं ते जाहिरातीतून नाही, तोंडातोंडी मिळालं. माझ्या कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या मावशीचं जुनं घर रिकामं होतं. तिनं भाडं ठरवण्याआधी मला चहाला बोलावलं आणि तासभर माझ्या घरच्यांविषयी विचारलं. वडील काय करतात, शेत किती, भावंडं किती. मग किल्ली हातात ठेवली.

हे विचारणं इथे रोजचंच आहे. मी वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. पहिल्याच आठवड्यात नव्वदीच्या एका आजींनी माझा हात धरून विचारलं, "तुझी माणसं कोण?" तू कुठली, असं नाही. म्हसवडच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्या याच सुरात "कुणाची गं तू?" म्हणतात. इथे ओ'ड्रिस्कॉल, मॅकार्थी, ओ'सलिव्हन, ओ'डोनोव्हन अशी चार-पाच आडनावं इतकी पसरली आहेत की एकाच आडनावाच्या घराण्यांना ओळखायला टोपणनावं लागतात. आजींनी माझं सगळं ऐकून घेतलं, वडिलांचं नाव दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मला बिनचूक म्हणून दाखवलं. ज्यांना पोटच्या मुलाचं नाव काही वेळा आठवत नव्हतं, त्यांनी माझ्या वडिलांचं नाव लक्षात ठेवलं होतं.

गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. ओळख असो वा नसो. सुरुवातीला मला वाटायचं, हा मला दुसरीच कुणी समजला असेल. हळूहळू कळलं की त्या बोटाचा अर्थ फक्त 'तू दिसलीस' एवढाच आहे. एवढं पुरतं. परक्या मुलखात माणूस खचतो तो बहुधा कुणाला दिसेनासा झाला म्हणून. छोट्या गावात कुणाच्या नजरेतून सुटता येत नाही, याचा जाचही होतो. माझ्या दारात कुणाची गाडी उभी होती, मी सुट्टी कधी काढली, हे मी सांगण्याआधी लोकांना ठाऊक असतं. पुण्यात वाढलेल्या माझ्या नवऱ्याला ते फार दिवस जड गेलं. त्याचं दुखणं खरं आहे. पण मला त्या नजरेचं मोल कळलं ते 2019 च्या फेब्रुवारीत.

पहाटे भावाचा फोन आला. दादा, माझे वडील, गेले. संध्याकाळच्या आत म्हसवडला सगळं उरकणार होतं आणि मला तिकीट मिळालं ते दोन दिवसांनंतरचं. मी कामावर कळवलं आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. दुपारी दार वाजलं. घरमालकीण होत्या, हातात सफरचंदाचा टार्ट. त्यांच्यामागे शेजारचा शेतकरी, चिखलाचे बूट दारात काढत. मग पोस्टातली बाई, बाजारात चीज विकणारा माणूस, माझ्या मुलाची शिक्षिका. प्रत्येकानं आत येऊन माझा हात हातात घेतला आणि एकच वाक्य म्हटलं, "सॉरी फॉर युअर ट्रबल." सगळे तेच शब्द बोलतात, कारण त्या वेळी नवे शब्द शोधायचा भार कुणावर पडू नये. सँडविचची ताटं आली, चहा त्यांनीच केला, कपही त्यांनीच विसळले. त्यांच्यातल्या एकानंही माझ्या वडिलांना पाहिलेलं नव्हतं. दादा कसे होते, हे मला त्यांनी विचारलं, आणि मी सांगत गेले. माझे दादा त्या दिवशी दोन गावांत गेले, असं मला वाटलं.

इथे मरण हे सगळ्या गावाचं असतं. स्थानिक रेडिओवर रोज निधनवार्ता वाचतात आणि लोक हातातलं काम थांबवून ऐकतात. अंत्यविधीला जाणं ही ओळखीपुरती रीत नाही. मुलाच्या मित्राची आजी गेली तरी रांगेत उभं राहून घरच्यांशी हात मिळवायचा असतो. महिन्यानं पुन्हा त्या नावानं प्रार्थना होते, आपल्याकडच्या मासिक श्राद्धासारखी. या सगळ्यात हे गाव इतकं काटेकोर का, हा प्रश्न माझ्या मनात होता. त्याचं उत्तर मला गावाच्या पश्चिमेला, किलोमीटरभरावर मिळालं असं मी मानते. ते कुणी मला सांगितलेलं नाही.

नदीकाठी अ‍ॅबीस्ट्रूरीचं कब्रस्तान आहे. आत गेलं की थडग्यांच्या मधोमध एक हिरवळीचा मोकळा तुकडा दिसतो, नीट कापलेल्या गवताचा. त्याखाली आठ ते दहा हजार माणसं आहेत. नावं नाहीत. 1845 साली बटाट्यावर करपा आला. इथल्या गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर होतं. 1846 ला पीक पुन्हा गेलं आणि त्या हिवाळ्यात स्किबरीन हे नाव लंडनच्या वर्तमानपत्रांत भुकेचं दुसरं नाव झालं. 1847 च्या सुरुवातीला चित्रकार जेम्स महोनी इथे येऊन गेला आणि त्याची चित्रं इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये छापून आली. देशात दहा लाखांवर माणसं मेली, त्याहून अधिक बोटीत बसून निघून गेली. 1841 च्या जनगणनेत या बेटावर ब्याऐंशी लाखांच्या आसपास लोक होते. इतकी वस्ती इथे अजूनही झालेली नाही.

गावातल्या जुन्या गॅसघरात आता हा इतिहास मांडलेलं केंद्र आहे. मी नर्स म्हणून तिथे गेले आणि डॉ. डॅनियल डॉनोव्हन यांच्यापाशी थांबले. ते इथल्या वर्कहाऊसचे, म्हणजे गरिबांसाठीच्या आश्रयगृहाचे, डॉक्टर. घरोघर जाऊन जे दिसलं ते त्यांनी रोजनिशीत लिहिलं आणि वर्तमानपत्रांत छापू दिलं. उपासमारीनं शरीराचं काय होतं, हेही त्यांनी नोंदवलं. भुकेची कळ पहिल्या दिवशी असते, मग कळ जाते, अंग खचत जातं आणि न भागणारी तहान लागते. वाचताना माझ्या लक्षात आलं की माणूस मरताना त्याच्याजवळ बसून राहणं आणि नोंद करणं, हे मी रोज रात्रपाळीला करते तेच काम आहे.

1846 च्या ऑक्टोबरात जवळच्या काहेरा भागात डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर सरकारी रस्त्याच्या कामावर मेला. शवविच्छेदन डॉनोव्हन यांनीच केलं. पोटात थोडा कच्चा कोबी सापडला, दुसरं काही नाही. त्याची मजुरी थकलेली होती. चौकशीला बसलेल्या पंचांनी निकाल दिला की हा माणूस उपासमारीनं मेला आणि त्याला बांधकाम खात्याचा अक्षम्य हलगर्जीपणा कारण आहे. मी तो मजकूर तीनदा वाचला. दुष्काळी काम, खडी, थकलेली मजुरी. हे शब्द मला परके नव्हते.

माझी आई 1972 च्या दुष्काळात बारा वर्षांची होती. आजीबरोबर ती खडी फोडायला जायची. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख आजही वाकडं आहे, हातोडी लागून वाढलेलं. त्या दिवसांबद्दल ती फार तर 'सुकडी' आणि 'मिलो' हे दोन शब्द बोलायची. अमेरिकेतून आलेल्या त्या लाल ज्वारीच्या भाकरीची चव तिला अजून आठवते. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. त्या कामांनी माणसं जगवली, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. आयर्लंडमधल्या कामांनी माणसं जगवली नाहीत. माझी आई जगली म्हणून मी आहे, हे मला त्या गॅसघरात उभं राहून पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. आपल्याकडे ओला दुष्काळ आणि कोरडा दुष्काळ असे दोन शब्द आहेत. आमच्या मुलखाची भूक कोरडेपणातून आली आणि इथली भूक या मऊ पावसातूनच आली, कारण करपा ओलसर, दमट हवेत पसरतो.

आजही उन्हाळ्यात हवा दमट झाली की रेडिओवर हवामान खातं करप्याचा इशारा देतं. बातम्यांमधलं ते एक साधं वाक्य असतं, पण शुश्रूषागृहातले म्हातारे मान वर करून ऐकतात. जेवणात बटाटा आला की आधी फोडून पाहतात. कोरडा, भुसभुशीत निघाला तर खुशीनं म्हणतात, "पिठाचे गोळे आहेत." ताटात बटाटा टाकलेला मी फार कमी वेळा पाहिला.

2 ऑगस्ट 2024 ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पॉल ओ'डोनोव्हन आणि फिंटन मॅकार्थी यांनी नौकानयनात सुवर्णपदक मिळवलं, टोकियोपाठोपाठ दुसऱ्यांदा. दोघंही याच गावच्या नौकानयन क्लबचे. आम्ही आमच्या म्हाताऱ्यांच्या खुर्च्या टीव्हीसमोर अर्धगोल लावल्या होत्या. शर्यत संपली तेव्हा एक आजोबा रडत होते. ते म्हणाले, "ही आपलीच आडनावं आहेत." मी मान हलवली. मला ती हिरवळ आठवली. खाली झाकलेल्या माणसांत याच आडनावांची किती असतील, हे कुणीच सांगू शकणार नाही. त्या हिवाळ्यात मोजायला आणि नाव विचारायला माणूस उरला नव्हता. तेव्हापासून मी असं मानते की हे गाव त्या न विचारलेल्या नावांची भरपाई करतं. म्हणून ते विचारतं, तुझी माणसं कोण. म्हणून ते रेडिओ ऐकतं, रांगेत उभं राहतं, स्टिअरिंगवरचं बोट उचलतं.

गेल्या हिवाळ्यात मी आईला फोनवर मॅकेनेडीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमची बी हजेरी लागायची, पन पैकं कवा मिळंल त्याचा नेम न्हवता. मुकादम म्हनायचा, म्होरल्या आठवड्याला." आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती बोलत राहिली. टोळीत कोण होतं, कोण गाणं म्हणायचं, कोण आपली सुकडी लेकरासाठी फडक्यात बांधून न्यायचं. मी वहीत एकेक नाव उतरवत होते.

"लिवतीस व्हय गं?"

"हो."

मग ती हळू आणि नीट सांगू लागली. दहा नावं झाली. अकराव्या बाईपाशी अडली. "ढाकणीची म्हनायचो तिला. माज्या शेजारी बसायची. अंगठा ठेचला तवा तिनंच लुगडं फाडून बांधलं."

"तिचं नाव काय होतं?"

"त्ये कुनी इचारलंच न्हाई."

मी त्या ओळीवर 'ढाकणीची' एवढंच लिहून पुढं जागा सोडली.

पाच दिवसांनी सकाळी फोन वाजला. बाहेर भुरभुर चालली होती. आईनं पावसाचं काही विचारलं नाही. धाकट्या मामाला गाडीवर घेऊन ती ढाकणीला जाऊन आली होती, घरोघर विचारत.

"घावलं गं नाव," ती म्हणाली. "लिव."