नाव ‘डिलेड सोर्ड’, तलवार मात्र कुठेच नाही!

केन्पो म्हटलं की इकडचे देसी मित्र हमखास विचारतात, ‘म्हणजे कराटेच ना?’ हो... आणि नाही पण. शब्द जपानी, अर्थ मुठीची रीत, मूळ चिनी. पण मी शिकतेय ते केन्पो वाढलं हवाईत आणि वयात आलं कॅलिफोर्नियात. होनोलुलूचा एड पार्कर तिथल्या विल्यम चाऊंकडे शिकला आणि १९५६ मध्ये त्याने पॅसाडीनाला स्टुडिओ थाटला. १९६४ मध्ये त्याने लाँग बीचला भरवलेल्या स्पर्धेत ब्रूस लीने प्रात्यक्षिक दाखवलं. एल्व्हिस प्रेस्लीसुद्धा पार्करचा चेला. म्हणजे फंडा एकदम हॉलिवूड!

मी लॉस एंजलिसला आले ती प्रोजेक्टवर. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी लॅपटॉप बंद करून क्लासला पळते. बाबांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, ‘मारामारी शिकायला एवढ्या लांब गेलीस होय?’

आमच्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त काय आवडतं, असं विचारलंत तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. एक रिटायर्ड शाळामास्तर आहेत, त्यांना फॉर्म्स आवडतात, म्हणजे एकट्यानेच करायच्या ठरलेल्या हालचाली. ‘डोकं शांत होतं,’ म्हणतात. कॉलेजची पोरं स्पारिंगवर खूश. मला मात्र टेक्निक्स आवडतात. आणि त्यांची नावं! ‘डान्स ऑफ डेथ’, ‘फाइव्ह सोर्ड्स’, ‘चेकिंग द स्टॉर्म’... व्हिडिओ गेमच वाटावा.

यातलं ‘डिलेड सोर्ड’ आमच्याकडे सगळ्यात आधी शिकवतात. समोरच्याने उजव्या हाताने कॉलर धरली. तुम्ही डावा पाय मागे टाकत उजव्या हाताने त्याचा हात आतल्या बाजूला उडवायचा, मग उजवी लाथ, आणि पाय खाली टेकताना तळहाताच्या कडेचा फटका मानेवर. तलवार म्हणजे हीच कडा. सगळं मिळून दोन सेकंद. लाथेचा पाय खाली येतो तेव्हा शरीराचं वजन फटक्यात उतरतं, हे कळलं त्या दिवशी इंजिनीअरिंगचं फिजिक्स पहिल्यांदा कामाला आलं!

टीकाकार म्हणतात, खरा हल्लेखोर असा पुतळ्यासारखा उभा राहतो का? पॉइंट बरोबर आहे. म्हणून तर स्पारिंगही लागतं.

पण माझ्यासाठी खरी गंमत वेगळीच. डोंबिवली-दादर सात वर्षं लोकलने केलंय. त्यात शरीराला एकच ट्रेनिंग मिळतं : आकसायचं. कोपरं आत, पर्स छातीशी, नजर खाली. दादरच्या पुलावर गर्दीत कुणाचा हात लागला, तर तो चुकून लागला की मुद्दाम याचा हिशेब करेपर्यंत माणूस गायब. क्लासमध्ये पहिला महिनाभर पार्टनरला हात लागला की मी ‘सॉरी’ म्हणायची. समोर सहा फुटी माणूस, तोच म्हणतोय ‘मार’, आणि मी सॉरी! सरांनी एकच सांगितलं : पाय रुंद ठेव, जागा घे, श्वास सोडताना आवाज येऊ दे.

तो आवाज यायला अडीच महिने लागले. आला तेव्हा आरशासमोरची अख्खी रांग वळून बघायला लागली. माझ्याच घशातून एवढं काही निघू शकतं, हे मला तिसाव्या वर्षी कळलं.

मागच्या डिसेंबरात सुट्टीवर घरी आले होते. दादरच्या त्याच पुलावर गर्दीत एक हात आला. मी मनगट धरलं आणि ‘ए!’ म्हणून ओरडले, बस्स. लाथबिथ काही नाही. आजूबाजूचे पंधराएक लोक थांबले, आणि त्या माणसाला या वेळी गायब व्हायला जागाच मिळाली नाही.

यलो बेल्टची दहा टेक्निक्स झालीत. आता ऑरेंजची चोवीस! सध्या ‘लोन किमोनो’ घोटतेय. त्यात कॉलर धरणाऱ्याच्या कोपरावर खालून वर फटका बसतो. परवा ऑफिसच्या लिफ्टमध्ये नकळत हात तसा वर गेला. शेजारचा सहकारी दोन पावलं मागे सरकला. आता बाहेर पडताना ‘आफ्टर यू’ म्हणतो.