ट्रेनरचं पान

रेसच्या पुस्तकात घोड्याचं नाव, वय, रंग, आई-बाप, वजन, जॉकी असं सगळं दिलेलं असतं आणि त्याच गर्दीत ट्रेनरचं नाव असतं. माझं वाचन तिथून सुरू होतं. ही सवय मामांची. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा सीझन चालू असला की रेसच्या दिवशी दुपारी ते कॅम्पातल्या रेसकोर्सवर सापडायचे. नोव्हेंबरात घोडे महालक्ष्मीला गेले की तिथेच बसून पडद्यावर मुंबईच्या रेस बघायचे. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि बँकेत लागलो, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं. पॅडॉकमध्ये घोडे गोल फिरत होते, मी एका तुकतुकीत काळ्या घोड्याकडे बोट दाखवलं, तर मामा म्हणाले, "घोडा काय बोलणार रे? बोलतो तो ट्रेनर. तोही तोंडाने नाही, एन्ट्रीने बोलतो."

एन्ट्रीने बोलतो म्हणजे काय, ते कळायला रेटिंग समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे बहुतेक रेस हँडिकॅप असतात. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला गुण देतो आणि जास्त गुणांच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतो, एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने. रेस वर्गांत विभागलेल्या असतात. चौथ्या वर्गात 20 ते 46 गुणांचे घोडे, तिसऱ्यात 40 ते 66 गुणांचे. म्हणजे 42 गुणांचा घोडा दोन्हीकडे धावू शकतो. चौथ्या वर्गात तो धावला तर वर्गातल्या सर्वांत वरच्या घोड्यापेक्षा त्याच्या पाठीवर जेमतेम 2 किलो कमी. तिसऱ्या वर्गात धावला तर 12 किलो कमी, पण शेजारी चांगल्या प्रतीचे घोडे. कुठे धावायचं, म्हणजे एन्ट्री कुठे द्यायची, हे ट्रेनर ठरवतो. हलक्या वजनाचा फायदा घ्यायचा, की जड वजनासकट कमकुवत प्रतिस्पर्धी गाठायचे? काही ट्रेनर जवळजवळ नेहमी एकच उत्तर देतात. काही घोड्यागणिक उत्तर बदलतात, आणि ते कधी बदलतात हे पाहण्यात खरी गोडी आहे.

मामांना हे सगळं तोंडपाठ होतं. मी ते वहीत उतरवायला घेतलं. प्रत्येक ट्रेनरला एक पान, आणि त्यात रेसगणिक एक ओळ: केंद्र, अंतर, वर्ग, आधीच्या रेसला किती दिवस झाले, जॉकी तोच की बदलला, झापडं पहिल्यांदा लावली का, सुरुवातीचा भाव काय होता, घोडा कितवा आला. पुढे वहीची जागा संगणकाने घेतली, पण आम्ही अजून 'पान'च म्हणतो. अमेरिकेत 'डेली रेसिंग फॉर्म'मध्ये ट्रेनरची अशी आकडेवारी छापूनच येते: लांबच्या विश्रांतीनंतर त्याचे घोडे किती जिंकतात, अंतर बदलल्यावर किती. आपल्याकडे ज्याने त्याने आपली वही भरायची. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकेक ओळ हाताने भरल्याशिवाय ट्रेनरची चाल डोक्यात मुरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नवखा माणूस सर्वांत आधी जिंकण्याची टक्केवारी बघतो. अमुक ट्रेनर 22 टक्के, तमुक 9 टक्के, चला पहिल्यावर पैसे लावू. ज्या क्लासात नव्वद टक्क्यांवरचीच मुलं घेतात, त्याचा निकाल चांगला लागणारच. तसंच हे आहे. मोठ्या ट्रेनरकडे मोठे मालक येतात, चांगल्या वंशाची, महागडी शिंगरं त्याच्या तबेल्यात जातात, आघाडीचे जॉकी त्याला आधी हो म्हणतात. त्या 22 टक्क्यांत ट्रेनरचं कसब किती आणि मालकाची तिजोरी किती, हे नुसत्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. बाहेरगावच्या ट्रेनरचंही तसंच. बंगळूरच्या रशीद बायरामजींनी मुंबईच्या क्लासिक रेसवर वर्षानुवर्षं धाक ठेवला. ते थोर ट्रेनर होतेच, पण एवढा खर्च करून, एवढा प्रवास घडवून महालक्ष्मीला आणलेला घोडा आधीच निवडून आणलेला असतो. पाहुण्या घोड्यांची टक्केवारी चांगली दिसते त्यामागे ही निवड असते.

म्हणून मी टक्केवारी भावाशी ताडून बघतो. समजा, एका ट्रेनरचे 50 घोडे बरोबरीच्या भावाने सुटले, म्हणजे शंभराला शंभर. बाजाराच्या मते त्यातले 25 जिंकायला हवेत. जिंकले 20. टक्केवारी 40, ऐकायला भारदस्त. पण प्रत्येक घोड्यावर 100 रुपये लावले असते, तर 5000 घालून 4000 हातात आले असते. दुसऱ्या ट्रेनरचे 50 घोडे नऊच्या भावाने सुटले, म्हणजे शंभराला नऊशे. बाजाराला त्यांच्याकडून 5 विजयांची अपेक्षा, जिंकले 7. टक्केवारी अवघी 14, पण 5000 घालून 7000 परत. पहिल्या ट्रेनरची कीर्ती भावात आधीच मोजून झालेली आहे. दुसऱ्याची व्हायची आहे. (बुकीचा नफा भावात मिसळलेला असल्यामुळे खरी अपेक्षा याहून थोडी कमीच धरावी लागते, पण हिशेबाची दिशा हीच.)

हाँगकाँगमध्ये संगणकाच्या जोरावर प्रचंड पैसा मिळवणाऱ्या बिल बेंटर यांनी 1994 साली आपल्या पद्धतीवर निबंध लिहिला. घोड्यांचे कितीतरी गुणधर्म मोजून त्यांनी प्रत्येकाची शक्यता काढली, पण तेवढ्यावर न थांबता तिची लोकांच्या भावातून दिसणाऱ्या शक्यतेशी सांगड घातली. तो निबंध वाचताना मला मामांचा बुकींच्या रिंगणातला चेहरा आठवला. सुटायच्या आधी काही मिनिटं ते पुस्तक मिटून फक्त भाव बघत उभे राहायचे. एखाद्या ट्रेनरच्या घोड्याचा भाव आठवरून चारवर उतरला की विचारायचे, "याच्या तबेल्याचे पैसे कधी लागतात, सांग बघू तुझं पान?"

हा प्रश्न मला आवडायचा, कारण त्याचं उत्तर टक्केवारीत नसतं, सवयीत असतं. आणि सवयी सगळ्यात लख्ख दिसतात त्या पुण्याच्या जुलैत.

मुंबईचा सीझन एप्रिलमध्ये संपतो, पुण्याचा जुलैत सुरू होतो. मधले तीन महिने घोडा रेस धावलेला नसतो. परदेशी पुस्तकं सांगतात, की 90 दिवसांनंतर धावणाऱ्या घोड्यांवर ट्रेनरची कामगिरी वेगळी काढा. पुण्यात जुलैत ती वेगळी काढून उपयोग नाही, कारण जवळपास सगळेच घोडे साधारण 90 दिवसांनंतर धावत असतात. तोच आकडा सप्टेंबरात मात्र पूर्ण वेगळी गोष्ट सांगतो. बाकीचे दर पंधरा-वीस दिवसांनी पळत असताना हा एकटाच तबेल्यात का थांबला? पाय दुखावला होता, की मुद्दाम राखून ठेवला? म्हणून माझ्या पानावर विश्रांतीचे दिवस महिन्याशी जोडून लिहिलेले असतात.

जुलैत दोन प्रकारचे ट्रेनर दिसतात. काही जण मे-जूनमध्येच घोड्यांकडून वाळूच्या ट्रॅकवर कसून काम करून घेतात आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जिंकून मोकळे होतात. बाकीच्यांसाठी जुलैची पहिली रेस म्हणजे घोड्याचा दम वाढवण्याचा भाग. तो 1000 किंवा 1200 मीटरला सहावा-सातवा येतो, लोक त्याला विसरतात, आणि तीन आठवड्यांनी 1400 ला तोच चांगल्या भावाने जिंकतो. दुसऱ्या प्रकारच्या ट्रेनरची पहिल्या धावेची टक्केवारी वाईट दिसते, दुसऱ्या धावेची सुरेख. दोन्ही एकत्र केल्या की मिळते ती निव्वळ सरासरी, आणि तिचा कुणालाच उपयोग नाही. त्यात पुण्याचा पाऊस. ट्रॅक किती मऊ झाला आहे ते पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. चिखलात पूर्ण तयार नसलेला घोडा शेवटच्या 200 मीटरला अक्षरशः थांबतो, तेव्हा लवकर तयारी करणाऱ्या ट्रेनरचा फायदा आणखी वाढतो. नोव्हेंबरात मुंबईचं गणित वेगळं होतं. ट्रॅक कोरडा, दोन वर्षांची शिंगरं पहिल्यांदा मैदानात, आणि डिसेंबरातल्या गिनीज आणि फेब्रुवारीतल्या डर्बीकडे डोळे लावून बसलेले मालक. डर्बीचं स्वप्न असलेल्या घोड्याला नोव्हेंबरातच पूर्ण पिळून काढणारा ट्रेनर मी सहसा पाहिलेला नाही.

मामांचं आणि माझं जोरदार भांडण व्हायचं ते थोड्या आकड्यांवरून. मामा म्हणायचे, अमुक ट्रेनरने झापडं पहिल्यांदा लावली की घोडा लागतोच. मी पान काढून दाखवायचो: असे घोडे जेमतेम सात-आठ, त्यातले तीन जिंकलेले. एवढ्यावरून काही ठरत नाही. ज्याची खरी क्षमता 20 टक्के आहे त्याचे 30 घोडे धावले तर 6 जिंकावेत, पण नुसत्या योगायोगाने 3 किंवा 9 जिंकले तरी नवल मानू नये. वरच्या उदाहरणातला नऊच्या भावाचा ट्रेनरच घ्या. अपेक्षा 5 ची, जिंकले 7, फरक 2 चा. अशा 50 घोड्यांमध्ये योगायोगाचा नेहमीचा हेलकावाही साधारण 2 चाच असतो. म्हणजे तो गुणी असेल किंवा नुसता नशीबवान असेल, आणखी घोडे धावल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय एकाच ट्रेनरचं पान अंतर, महिना, जॉकी, वर्ग, झापडं अशा चाळीस तऱ्हांनी कापलं, तर दोन-तीन तुकडे योगायोगानेच चमकणार. म्हणून मी आधी कारण शोधतो आणि मग आकडा. ट्रेनर असं का करत असेल याचं तबेल्यातलं उत्तर सापडलं नाही, तर आकडा कितीही देखणा असो, मी त्यावर पैसे लावत नाही.

ते उत्तर पहाटे मिळतं. उजाडताना ट्रॅकवर घोड्यांची रांग निघते, सईस अंगावरची झूल काढून घेतात, ट्रेनर दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येतं: 800 मीटर 53 सेकंद, 600 मीटर 39, सहज. पण एक ट्रेनर घोड्याला 39 सेकंदांत हात न लावता आणतो, दुसरा त्याच वेळेसाठी जॉकीला जोर लावायला सांगतो. पानावर 'रेसच्या चार दिवस आधी जोरदार काम' असा रकाना मी उघडला तो तिथे उभं राहून. पेसी श्रॉफ जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकले आणि मग ट्रेनर होऊन पुन्हा शिखरावर गेले. घोड्याच्या पाठीवर बसून जे कळतं ते जमिनीवर उभं राहून कसं वापरायचं, याचा तो धडा आहे, आणि माझ्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात तो मावत नाही.

लोक याला जुगार म्हणतात आणि बेताल खेळणाऱ्याच्या बाबतीत ते खोटं नाही. मी घरखर्चाच्या पैशाला कधी हात लावला नाही आणि तसं करणाऱ्याला मी मैदानात आणणार नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत मुख्यतः कौशल्याची ठरवली. घोड्याची क्षमता, तयारी, वजन, अंतर या अभ्यासता येण्याजोग्या गोष्टी आहेत, हा त्यामागचा विचार. तो निकाल मला मनापासून पटतो. ट्रेनर, सईस आणि जॉकी पहाटे चारपासून जे राबतात, त्याला नशीब म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पैजेच्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागल्यापासून टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज-यंत्रणेच्या, खिडक्यांवरची गर्दी ओसरली. मामाही आता नाहीत. पानं मात्र वाढताहेत. एका मोठ्या तबेल्यात वर्षानुवर्षं सहायक असलेला तरुण नुकताच स्वतःचं लायसन्स घेऊन उतरला आहे. त्याचे घोडे अजून इतके थोडे धावलेत, की कुठलाही आकडा काढणं अप्रामाणिकपणाचं होईल. तोवर मी त्याची एन्ट्री त्याच्या गुरूच्या पानाशी ताडून बघतो. जुलैतली पहिली धाव गुरूसारखीच दमासाठी वापरतो आहे. 42 गुणांचा घोडा मात्र त्याने परवा तिसऱ्या वर्गात घातला. गुरूने तो चौथ्यातच ठेवला असता.