शुक्रवारी मोडलेल्या सुया

बांगलादेशातल्या गाझीपूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत एक वही असते. शिलाई मशीनची सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीने त्या वहीत लावायचे आणि पुढे तारीख, वेळ, लाइनचा नंबर लिहून सही करायची. लहान मुलाच्या कपड्यात सुईचा तुकडा राहू नये म्हणून युरोपातले खरेदीदार या वहीबाबत फार कडक असतात. 2015च्या सुमारास मी अशाच एका खरेदीदार कंपनीच्या ढाका ऑफिसात मर्चंडायझर होते. ऑर्डर लागल्यापासून माल जहाजावर चढेपर्यंतचा पाठपुरावा माझ्याकडे असे.

ज्या कारखान्याबद्दल सांगते आहे, त्याचं सोशल ऑडिट, म्हणजे कामगारांचे तास, पगार आणि परिस्थिती यांची तपासणी, नुकतंच झालं होतं. हजेरीपट आणि पगारपत्रकात बोट ठेवायला जागा नव्हती. रोज आठ तास, वर दोन तास ओव्हरटाइम, आठवड्याला साठच्या आत, शुक्रवारी सुट्टी. सगळं बांगलादेशच्या कामगार कायद्याप्रमाणे. सुईच्या वहीत मात्र लागोपाठ शुक्रवारी सुया मोडलेल्या होत्या, काही तर रात्री दहानंतर. हजेरीच्या दोन वह्या ठेवतात हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. सुईची दुसरी वही ठेवणं कोणाला सुचलं नव्हतं. मी इचलकरंजीची, घराभोवतीच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी पाहत वाढले. त्या नोंदींचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रॉडक्शन मॅनेजरांनी काही नाकारलं नाही. त्यांनी लॅपटॉप उघडून आमच्याच ऑफिसच्या मेल दाखवल्या. कापडाच्या रंगाच्या नमुन्याला मंजुरी द्यायला आमच्या डिझाइन विभागाने दोन आठवड्यांहून जास्त वेळ घेतला होता. मंजुरीसोबत गळ्याच्या पट्टीत बदलही आला. शिपमेंटची तारीख होती तीच राहिली. ती चुकली तर माल विमानाने पाठवायचा आणि भाडं कारखान्याने भरायचं, असं करारात होतं. “मॅडम, हे दोन आठवडे मी कुठून आणायचे?” त्यांनी विचारलं. ते त्यांनी शुक्रवारांतून आणि रात्रींतून काढले होते.

आमच्या ऑफिसात कंप्लायन्सचं टेबल माझ्या शेजारीच होतं. तिथून कारखान्याला कामाचे तास कमी करा असं पत्र जायचं, आणि माझ्या टेबलावरून तारीख अलीकडे ओढणारी मेल.

त्या काळात राणा प्लाझाची आठवण प्रत्येकाच्या मनात ताजी होती. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावारमधली ती आठमजली इमारत कोसळली आणि 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी तडे दिसल्यावर खालची बँक बंद झाली होती. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सकाळी कामावर चढवलं गेलं. त्यानंतर खरेदीदार कंपन्या आणि कामगार संघटनांनी ‘अकॉर्ड’ हा करार केला. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण तो कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक होता. जिन्यांवरची कुलुपं लागणारी सरकती लोखंडी दारं काढून तिथे आगरोधक दारं बसताना मी पाहिली. पण तो करार इमारत, वीज आणि आग यांपुरता होता. तास आणि मजुरी ऑडिटवरच राहिली, आणि निव्वळ ऑडिटवर किती विसंबावं हे कराचीने आधीच दाखवलं होतं. सप्टेंबर 2012मध्ये तिथल्या ‘अली एंटरप्रायझेस’ला आग लागून 250हून अधिक कामगार मेले. त्या कारखान्याला काही आठवडे आधीच कामगारांच्या परिस्थितीबाबतचं एसए 8000 प्रमाणपत्र ऑडिटनंतर मिळालं होतं.

मी हेड ऑफिसकडे एक साधी अट मागितली: आमच्याकडून मंजुरीला जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस शिपमेंट आपोआप पुढे जाईल. बरीच ओढाताण झाली. टी-शर्टसारख्या बारमाही मालासाठी ती मान्य झाली, फॅशनच्या मालासाठी नाही. तरी त्या कारखान्यातल्या सुईच्या वहीत शुक्रवार दिसेनासे झाले.

मला बरं वाटलं. मग धागे कापणारी एक हेल्पर मला म्हणाली, “आपा, सुट्टी मिळाली, पण खोलीचं भाडं कशातून देऊ?” तिचा हिशोब असा. तेव्हाचं किमान वेतन 5,300 टका, त्यात मूळ पगार फक्त 3,000. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, पण तो मूळ पगारावर: 3,000ला 208ने भागायचं आणि दुप्पट करायचं, म्हणजे तासाला साधारण 29 टका. रोज दोन तास धरले तर महिन्याला 1,500 टका होतात. रात्रीचे आणि शुक्रवारचे तास गेल्यावर तिच्या हातात जे उरत होतं, त्यात घर चालत नव्हतं. काही जणी रात्रपाळी मिळेल अशा दुसऱ्या कारखान्यात निघून गेल्या. तास कमी करायचे आणि कपड्याची किंमत तीच ठेवायची, हा कामगाराचा पगार कापण्याचाच प्रकार आहे, हे तिने मला दाखवून दिलं.

आमच्या किमतीच्या तक्त्यात कापड, बटणं, धागा यांच्या स्वतंत्र ओळी असत. त्यानंतर ‘सीएम’, म्हणजे कटिंग-मेकिंग, ही एकच रक्कम. मजुरी, वीज, मालकाचा नफा, सगळं तिच्यातच. सुताचा भाव दोन्ही बाजूंना माहीत असतो, तिथे फार ओढता येत नाही. घासाघीस होते ती सीएमवर, आणि त्यात मजुरी किती कापली गेली हे कागदावर दिसतच नाही. म्हणून मी मजुरीची ओळ वेगळी काढायला लागले: एका कपड्याला लागणारी मिनिटं गुणिले मिनिटाचा मजुरीचा दर. ही ओळ घासाघिशीच्या बाहेर.

2018मध्ये किमान वेतन 8,000 झालं, 2023च्या अखेरीस 12,500. कामगार 23,000 मागत होते आणि त्यासाठी रस्त्यावर उतरले होते. त्या वेळी मी दुसऱ्या कंपनीत होते. वेतनवाढीचा पूर्ण भार किमतीत धरला जाईल, असं मी खरेदी विभागाकडून लेखी मागितलं. टी-शर्ट आणि पोलोवर मिळालं. जॅकेटवर मिळालेलं नाही. एका जॅकेटला मिनिटं खूप लागतात, म्हणून तिथे रक्कम मोठी होते. पुढच्या सीझनच्या ऑर्डरींसोबत तो विषय पुन्हा मांडायचा आहे, आणि या वेळी आमच्याबरोबर कारखान्याचे कॉस्टिंगवालेही बसणार आहेत.