काठाला काठ

शक्तिपीठं साडेतीन, त्यातलं एक पूर्ण पीठ आपल्या अंबाबाईचं आणि अर्धं वणीच्या सप्तशृंगीचं, हे कोल्हापुरातल्या पोराला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. मुहूर्तही साडेतीनच. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून मिळते ती अर्धा लिटर, मंडईतून येते ती पावशेर मिरची, आणि एसटीत कंडक्टर देतो ते हाफ तिकीट. 2023च्या मार्चपासून बायकांनाही एसटीत निम्मं भाडं झालं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं हिशेब मांडला, "आई आणि मी मिळून एक. पप्पा एकटेच एक."

एवढे अपूर्णांक अंगाखांद्यावर खेळवून हीच पोरं चौथी-पाचवीत जातात, आणि एक छेद चार मोठा की एक छेद आठ, असं विचारलं की बिनदिक्कत सांगतात, "आठवाला मोठा की वो काकू!" आठ चारापेक्षा मोठा, हे त्यांनी बोटं मोजून, पाढे घोकून कमावलेलं असतं. ते एकाएकी उलटं झालं असं फळ्यावरून कुणी सांगितलं, तर त्यांनी का म्हणून ऐकावं?

म्हणून सुट्टीत पोरं जमली की मी रद्दी काढून बसते. वर्तमानपत्राचं पान घ्यायचं, काठाला काठ लावायचा, कोपऱ्यावर कोपरा बसवायचा आणि मगच घडीवरून नख फिरवायचं. हे 'मगच' फार महत्त्वाचं. घाईत घातलेली घडी उलगडली की एक भाग लठ्ठ आणि एक रोडका निघतो, आणि रोडका ज्याच्या वाट्याला येतो तो गप्प बसत नाही. पुस्तकातल्या व्याख्येत 'समान भाग' असं छापलेलं असतं. त्यातला 'समान' वाचताना निसटतो, वाटणी करताना मात्र अडून बसतो.

एक घडी, दोन भाग. दोन घड्या, चार भाग. तीन घड्या घातल्या तर किती, असं पान न उलगडता विचारलं, की पोरं एका सुरात म्हणतात, सहा. उलगडून घरं मोजली की आठ. पुन्हा मोजतात, बोट ठेवून. चौथ्या घडीला कुणी आठ म्हणत नाही आणि दहाही म्हणत नाही. सोळा म्हणणारा एखादा निघतो आणि बाकीचे त्याच्याकडे संशयानं बघतात. तोवर हातातलं पुडकं जाड झालेलं असतं आणि घर मात्र लहान लहान होत गेलेलं. आठवा भाग चौथ्यावर ठेवून पाहिला की छेदाची भानगड मिटते.

मग निम्म्याचं भांडण. एकाच मापाचे दोन चौरस. एक उभा दुमडून त्याचं अर्धं काढलं, दुसरा कोपऱ्याला कोपरा लावून. एक लांबट पट्टी, एक त्रिकोण. कुठलं अर्धं मोठं? त्रिकोण ऐसपैस दिसतो, त्यामुळे त्याच्या बाजूनं मतं जास्त पडतात. शेवटी कुणीतरी कात्री घेऊन त्रिकोण चौरसाच्या काठाला समांतर असा निम्म्यावर कापतं, सुटलेला तुकडा फिरवून बाकीच्याला जोडतं आणि पट्टीवर बसवतं. अर्ध्याला ठरावीक तोंडवळा नसतो हे गोल भाकरीच्या चित्रावरून कधीच कळलं नसतं.

कागदाचा हा उद्योग काही आजचा नाही. 1893 साली मद्रासेत टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक निघालं. फ्रोबेलच्या बालवाडीतल्या घडीकामावरून त्यांना ते सुचलं होतं. पुढे अरविंद गुप्तांनी रद्दीतून आणि काडीकचऱ्यातून विज्ञान-गणित शिकवायचं व्रतच घेतलं. ते पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत बराच काळ रमले, आणि ती आयुका उभी करणारे जयंत नारळीकर 1938 साली जन्मले ते आमच्या कोल्हापुरात. तेवढ्यावर कोल्हापूरकर हक्क सांगायला मोकळा! खरा हक्क सांगावा तो लीलाताई पाटलांवर. कादंबरीकार ना. सी. फडक्यांच्या या लेकीनं 1985 साली इथं सृजन आनंद विद्यालय काढलं, आणि मूल स्वतः करून, विचारून शिकतं यावर उभी हयात खर्च केली. 2020 साली त्या गेल्या.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत होते, आणि बाजारात त्यांना पैशाला फसवायची कुणाची टाप नव्हती. त्याला नावं ठेवणार नाही. नावं ठेवायचीच तर दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या रंगीत चकत्यांना ठेवीन. त्या कारखान्यातूनच समान होऊन येतात. मुलाला समान करण्याची खटपटच उरत नाही, नुसतं जुळवायचं उरतं.

ती खटपट तिसऱ्या भागापाशी कळते. निम्म्याचं निम्मं करत कितीही गेलं तरी तीन काही पडत नाहीत. निळं आंतरदेशीय पत्र असतं तर त्याची घडी दाखवली असती. या पोरांनी ते पाहिलेलंच नाही. कागद सैलसर तिपेडी वळवायचा, काठ मागेपुढे सरकवत जुळवायचे आणि शेवटी दाबायचा. एवढ्यावर भागतं. पण काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाची युक्ती दाखवली की पोरं हरखतात. चौरस कागद घ्यायचा. वरच्या काठाच्या मध्यावर चिमटीनं खूण करायची, खालचा उजवा कोपरा उचलून त्या खुणेवर टेकवायचा आणि घडी दाबायची. खालचा काठ तिरका होऊन डाव्या काठाला ओलांडतो, तिथं पेन्सिलीची खूण. कागद उलगडला की डाव्या काठाचा खुणेखालचा भाग नेमका एक तृतीयांश. अंदाजपंचे काही नाही. का, ते पायथागोरस भेटेल तेव्हा कळेल. तोवर कागदाच्या पट्टीनं मापून खात्री करून घ्यावी.

त्या खुणेवरून कागदाचे तीन समान आडवे पट्टे पाडले आणि मधोमध उभी एक घडी घातली की सहा घरं. तिसऱ्याचं निम्मं म्हणा, निम्म्याचा तिसरा म्हणा, घर तेच. गुणाकारानं संख्या वाढतेच, या समजुतीला तिथं पहिला तडा जातो.

परवा एकानं पाच समान भाग मागितले. मी विचारात पडले, तेवढ्यात हाफ तिकिटाचा हिशेब मांडणाऱ्या त्याच पोरीनं कागदाची लांब पट्टी घेतली, तीन घड्यांत आठ घरं पाडली आणि तीन घरं सरळ फाडून टाकली. "घ्या, पाच."

"हे पाचवे भाग कुठले? आठवेच हायत ते," मागणारा बिथरला. "तीन टाकलीस की तू!"

"टाकली ती गेली." तिनं उरलेली पट्टी नाचवली. आमच्याकडच्या पोरी बोलतात पोरांसारख्याच. "आता मी ह्यालाच एक म्हणतो."