बायोडाटा कशावर लिहावा ?

हिंगोलीस अर्ज टंकून मिळतात. परंतु आमच्या पुतण्याचा मराठी बायोडाटा कृतिदेव फॉन्टांत लिहिला गेला, आणि पुण्यास उघडतांच शिक्षण व अनुभव यांच्या जागीं रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला. तेवढ्यांत मुदत टळली. कृतिदेव रोमन अक्षरांवर देवनागरी आकार चढवितो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला कीं मुखवटा गळून पडतो. उलट, १९९१ पासूनच्या युनिकोडांत आपल्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून आम्हीं घरीं लिब्रेऑफिस घेतलें. तें विनामूल्य असून पीडीएफही करून देतें. तयार नमुन्यांचीं संकेतस्थळें मुलांस मोहवितात खरीं. पण चौकटींत कोंबलेला मजकूर छाननीच्या यंत्रणेस पुष्कळदां नीट वाचतां येत नाहीं. आमच्या वहिनींस तर तसले बायोडाटे लग्नपत्रिकाच वाटतात, आणि त्यांशीं आम्ही सहमत आहों.