गप

पोरीला तीन महिने पुरे व्हायला आठ दिवस कमी होते, त्या रात्री मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही. हात वरच राहिला. पण उगारला होता हे खरं, आणि खोटंच सांगायचं असतं तर हे लिहायला बसले नसते. रात्रीचे अडीच वाजलेले. नवरा मागावर, बारा तासांच्या रात्रपाळीला. आत्ती भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या. पोरगी दोन तास रडत होती, आणि सकाळी सातला मला गिरणीच्या गेटात उभं राहायचं होतं. "गप! गप बस म्हणते ना! मर जा तिकडं!" हे मी म्हणाले. पोटच्या गोळ्याला. मग तिला वाकळीवर ठेवलं आणि बाहेर नळापाशी जाऊन बसले. आतून रडणं ऐकू येत होतं. ते ऐकत बसले.

दोस्तांनो, मी कविता करते हे तुम्हाला ठाऊक आहे. याच पानांवर वाचल्यात तुम्ही. शाळा दहावीपर्यंत, बाकी सगळं वाचनालयातलं आणि जयंतीच्या पुस्तकांच्या स्टॉलवरचं. राग हेच माझ्या कवितेचं भांडवल. पण बाळंतपणानंतर एक ओळ आली नाही. राग मात्र दुपटीनं आला.

इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत मी रिंग फ्रेमवर आहे. एका फ्रेमला हजाराच्या वर स्पिंडल. धागा तुटला की जोडायचा, पुढं सरकायचं, पाळीभर चालायचं. धागा तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवतात, त्यामुळं अंग कायम चिकट आणि नाकातोंडात कापसाचा भुगा. दोन महिन्यांची पोर घरी ठेवून परत कामावर गेले. दहा वाजले की पान्हा फुटायचा. मशिनच्या आवाजातसुद्धा कुणीतरी रडतंय असं वाटायचं आणि पोलकं भिजायचं. मग संडासात जाऊन दूध पिळायचं. वरून डबाभर पाणी ओतायचं. घरी पोरगी पावडरीच्या दुधावर, आणि हिकडं माझं दूध गटारात. पाच मिनिटं जास्त लागली की सुपरवायझर दारावर थापा मारायचा.

पगारी रजा नव्हती का, असं विचाराल. ठेकेदार म्हणाला, तुझं नाव गिरणीच्या मस्टरवर नाही, माझ्या वहीत आहे, आणि माझ्या वहीत रजेचा रकाना नाही. हसत हसत म्हणाला.

शेजारीण म्हणाली, बाहेरचं लागलंय, लिंबू उतरून टाक. आमच्या घरात 1956 नंतर कुणी लिंबू उतरवलेलं नाही. नवरा म्हणाला, तुझ्या डोक्यात पुस्तकं शिरल्यात. बरा माणूस आहे तो, पण हे म्हणाला. 1972 साली पँथर उभी राहिली, त्याच साली ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्या रागाला आपण साहित्य म्हटलं, छातीला लावलं. मग बाळंतिणीचा राग तेवढा येडेपणा कसा? आणि आपल्या कवितेतली आई बघा. ती उपाशी राहते, मोळ्या वाहते, लेकराला शिकवते. लेकरावर कधी चिडत नाही. मीपण तसलीच आई लिहिलीय दोन कवितांत. आता त्या वाचवत नाहीत मला.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला आशाताई आल्या. वजन केलं, लसीचं कार्ड बघितलं. जाताना दारात मी एकदम सांगून टाकलं, हात उगारल्याचं. वाटलं आता ओरडतील. त्या परत आत आल्या, बसल्या. म्हणाल्या, "असं झालं की पोरीला खाली ठेवायचं, सपाट जागी, आणि दार ओढून बाहेर यायचं. रडली तर रडू दे पाच-दहा मिनिटं. धरून हलवायचं न्हाई. कधीच न्हाई." टेलिमानसचा नंबर दिला, 14416. एकदा केला मी फोन, गिरणीच्या मागच्या बाजूला उभी राहून. पलीकडची बाई ऐकत होती नुसती. तेवढंही बरं वाटलं.

पण रोज रात्री अडीचला बाहेर येऊन बसायचं, तर हाताचं करायचं काय? कविता सुचेना. खरं तर कागद पुढ्यात आला की मी शहाण्यासारखी लिहायला लागते. मग आत्तींचं गाठोडं सोडलं. जुनं लुगडं, नवऱ्याचे फाटके शर्ट, मागावरच्या चिंध्या. थर लावले आणि वाकळ शिवायला घेतली, कडेनं आत आत. आज्जी शिवायची तशी. धावदोरा येत होता, बाकी काही नाही. तिसऱ्या रात्री काय वाटलं कुणास ठाऊक, लाल दोरा ओवला आणि मधोमध शब्द शिवला: गप.

दोन अक्षरांना तीन रात्री लागल्या. तोंडानं म्हणायला क्षण लागत नाही. सुईनं 'ग'चा कान काढताना मात्र तो शब्द आपल्याकडं बघत राहतो. आणि मला ऐकू आलं ते माझ्या आवाजात नव्हतंच. संडासाच्या दारावरच्या थापेबरोबर येणारं 'गप ये बाहेर' होतं ते. त्याच्याही आधी चौथीच्या वर्गात उत्तर येत असताना हात वर केला, तेव्हा ऐकलेलं 'तू गप'. पुढचा शब्द शिवला, मर. तो माझ्या बापाचा. आईला म्हणायचा, पिऊन आला की. हे शब्द मी तीन महिन्यांच्या पोरीच्या अंगावर टाकत होते. तिचा काय संबंध?

वाकळ शिवली आणि राग गेला असं मी म्हणणार नाही. पुरवण्यांतून छापतात की, छंद जोपासा, मन शांत ठेवा. मन शांत नको होतं मला. हात थांबवायचा होता. सुई हातात असली की हात थांबायचा, एवढंच. दोनदा तर सुई बोटात घुसली.

एका पहाटे आत्ती उठून मागं उभ्या. "काय लिवलंस?" त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, दोन्ही शब्द. काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी ट्रंकेतली त्यांची वाकळ काढली आणि एक कोपरा माझ्या हातात दिला. तिथं टाके इतके दाट की कापड पत्र्यासारखं कडक झालेलं.

"हितं तुझा नवरा चार म्हयन्याचा हुता. खुरपायला जायाचं, बांधावर निजवायचं. रडून रडून निळा पडायचा. येक दिस वाटलं, उचलावा आन् आपटावा. मग रातभर ह्ये शिवलं."

"कुणाला सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? आईला राग आलाय म्हणून?"

त्या रात्रीपासून अडीचला कधी मी उठते, कधी त्या.

रागाला खरा धनी मिळाल्यावर मग मी पुस्तकं काढली. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात बिल आलं, तेव्हा 28 जुलै 1928 ला बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतिणीला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. 1929 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशाचा कायदा 1961 साली झाला. 2017 साली त्यात रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली आणि पन्नास माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सांगितलं, दिवसातून चारदा लेकराकडं जायची मुभा धरून. ठेकेदाराच्या वहीत रकाना नाही तो नाहीच. माझ्या बाजूच्या फ्रेमवरची सातव्या महिन्यात आहे. तिच्यासाठी अर्ज लिहिलाय मी. अकरा जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे. पोच घेतलीय. उत्तर अजून नाही.

वाकळ अर्धीच आहे. पोरगी तिच्यावर मुतते, आम्ही धुऊन दगडावर वाळत टाकतो, आणि लाल दोऱ्याचा रंग जरा जरा उतरायला लागलाय. आत्ती म्हणतात, एका कोपऱ्यात माझं पण काहीतरी लिव. काय लिहू विचारलं, तर अजून सांगत नाहीत. दोरा संपलाय, शनिवारी पगार झाला की रीळ आणायचं आहे.